कोटातली माया

४ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुझं पार्सल मिळालं. निळा कोट, दोन स्कर्ट आणि वर टाचलेली चिठ्ठी: 'सगळं आत घ्यायचं आहे, मापं सोबत, घाई आहे.' मी मापं वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग ती चिठ्ठी चुरगळून कात्रीखाली दाबून ठेवली आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर डाफरले.

एका वर्षात ही तिसरी खेप. दुसऱ्या खेपेला मी फोन केला होता, तर तू म्हणालीस कामाची धावपळ आहे, बाकी मी ठणठणीत. आणि मी गप्प बसले, कारण तुझा आवाज ऐकून कुणीही गप्प बसेल. इतकी वर्षं रेडिओवर सकाळी सातच्या बातम्या वाचतेस. पूर येवो, सरकार पडो, तुझा आवाज तसूभर हलत नाही. त्याच आवाजात तू मला गुंडाळतेस. म्हणून आता फोन बंद. मी पत्र लिहिणार, तूही पत्रच लिही. कागदावर तुझा आवाज चालायचा नाही.

आणि चिठ्ठीच्या मागे काय लिहिलं आहेस? 'शिवणीतली माया कापून टाक, आतून फुगवटा दिसतो.' माझ्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत राहिलीस, तुला माया म्हणजे काय ते मी सांगायला हवं? शिवणीच्या आत आम्ही दोन बोटं जास्तीचं कापड दडवून ठेवतो. माणूस उद्या अंगाने भरलं तर शिवण उसवायची आणि तेवढं सोडायचं. तुझ्या या कोटात मी मुद्दाम दुप्पट माया ठेवली होती. आत घेत घेत ती इतकी वाढली आहे की आता बाहेर कमी कोट आणि आत जास्त अशी गत झाली आहे. ती कापली तर हा कोट परत कधीच मोठा होणार नाही. हे तुला कळतं, म्हणूनच तू लिहिलं आहेस, असं मला वाटायला लागलं आहे आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

आमच्या दुकानात काज-बटणाला बसतात त्या मावशींनी ती मापं पाहिली आणि विचारलं, शाळेतल्या पोरीचा कोट आहे का? मी हो म्हणाले. खोटं बोलले आणि मग स्वतःचाच राग आला.

तुला होस्टेलमधले रविवार आठवतात? मी शिवणाच्या परीक्षेसाठी तुझी मापं घ्यायची, मोठ्याने आकडे सांगायची, आणि खोलीभर पोरी हसून लोळायच्या. सगळ्यांत मोठ्याने तू हसायचीस. ती ढब्बू कुठे गेली? तिला कुणी खाल्लं?

एकच विचारते. जेवतेस का? खरं सांग. कोट मी ठेवून घेतला आहे, तुझं उत्तर आल्याशिवाय सुई लावणार नाही.

आणि पत्राखाली धड सही करत जा. वर्षानुवर्षं नुसतं 'मी' लिहितेस, जसं काही जगात दुसरं कुणी नाहीच.

तुझी
टाचणी


११ जानेवारी

प्रिय टाचणी,

ठळक बातम्या अशा. बाईंची प्रकृती उत्तम आहे. बाई वेळेवर जेवतात. मैत्रिणीने केलेल्या आरोपांत तथ्य नसल्याचं बाईंनी स्पष्ट केलं आहे. कोट मात्र अद्याप दुकानातच अडकून पडला आहे.

आता सविस्तर. वीस मार्चला आमच्या रेडिओ केंद्राला पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत. मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. लोकांनी माझा आवाज ऐकला आहे, मला पाहिलेलं नाही. आवाजावरून प्रत्येकाने मनात एक बाई उभी करून ठेवलेली असते, आणि ती बाई कशी असते ते मला चांगलं माहीत आहे. मागे एकदा एक श्रोते केंद्रावर आले होते. मला बघून म्हणाले, अच्छा, तुम्ही होय, आवाज किती नाजूक आहे तुमचा. हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. म्हणून तो कोट मला अंगासरसा हवा आहे, आणि शिवण सपाट हवी आहे. एवढंच कारण आहे. तू त्यात भलतंसलतं शोधू नकोस.

तू शिवतेस फार सुरेख. पण तुला कुणी तपासायला सांगितलेलं नाही. डॉक्टरचा पांढरा कोट शिवून दिला म्हणून शिंपीण डॉक्टर होत नाही. मला गिऱ्हाईक समज, माप दिलं आहे, त्याप्रमाणे काम कर.

आणि विश्वास नसेल तर खुशाल माझ्या ताईला विचार. गेल्या रविवारीच तिच्याकडे पोटभर जेवून आले.

मी


२९ जानेवारी

प्रिय ढब्बू,

विचारलं.

तू म्हणालीस ताईला विचार, म्हणून मी ताईंना पत्र टाकलं. त्यांचं चार पानी उत्तर काल आलं. ते तुला पाठवत नाही, कारण दोन ठिकाणी शाई पसरली आहे आणि ती पाण्याने पसरलेली नाही हे मला कळतं.

त्या रविवारी तू सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होतीस. भाच्याला दोनदा वाढलंस. आणि सगळे उठायच्या आत तुझं ताट घासून फळीवर ठेवलं होतंस. ताईंना वाटतं तू ऑफिसात खातेस. ऑफिसातल्यांना वाटतं तू घरी खातेस. म्हणजे तू दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर उपाशी असतेस आणि दोन्हीकडे ढेकर देतेस. वा गं बातमीदार.

मला तुझा इतका राग आला आहे की सकाळपासून मशीनच्या दोन सुया मोडल्या. पण त्यातला निम्मा राग माझा माझ्यावर आहे, तो सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल. गेल्या जानेवारीत तू पहिल्यांदा कपडे आत घ्यायला पाठवलेस तेव्हा मी काय लिहिलं होतं? 'कसली सुरेख दिसत असशील, आलीस बाई एकदाची माझ्या पंक्तीला.' मावशींना कौतुकाने सांगितलं होतं, बघा, याला म्हणतात जिद्द. मी टीप मारत होते आणि शीळ घालत होते. तू कमी कमी होत होतीस आणि मी तुला माझ्या हाताने, माझ्या दोऱ्याने, अगदी मापात बसवत होते.

आता ते होणार नाही. तू सुट्टी काढ आणि इकडे ये. मी माझ्या टेपने तुझं माप घेईन, समोर उभी करून, अंगठ्यापासून कानापर्यंत. तुझ्या चिठ्ठीतल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. तू आल्याशिवाय कोटाला हात लावणार नाही. मग तो पन्नासावा वाढदिवस केंद्राचा असो नाहीतर खुद्द रेडिओचा.

तुझी
टाचणी


६ फेब्रुवारी

टाचणी,

अभिनंदन. तुझं पत्र पोहोचल्यानंतर चौथ्या दिवशी ताई बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तिचा नवरा, मुलगा, नोकरी सगळं सोडून. आता ती रोज जेवणाच्या वेळी माझ्या बरोबर समोर खुर्ची ओढून बसते, स्वतः खात नाही, हाताची घडी घालते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मी चमचा उचलला की तिचे ओठ हलतात. ती मोजते. तिला वाटतं मला दिसत नाही.

मी म्हणाले होते, ताईला विचार. ते बोलायची पद्धत असते गं. आपण म्हणतो ना, विश्वास नसेल तर शेजाऱ्यांना विचार, म्हणून कुणी उठून शेजाऱ्यांची बेल वाजवत नाही. तू वाजवलीस. तू चहाडी केलीस, आणि वर त्याला काळजी म्हणतेस.

आणि टेप. मला समोर उभी करून टेप लावणार आहेस. जगात ज्या एका गोष्टीला मी घाबरते, तीच नेमकी तुला औषध म्हणून सुचावी? का घाबरते ते विचारू नकोस, सांगणार नाही. तुझ्या लक्षात असायला हवं होतं. नाहीये, हे मला आता पुरतं कळलं.

मला तुझी काळजी नको आहे, मला कोट हवा आहे. वीस दिवसांत मिळाला नाही तर इथे नाक्यावर एक शिंपी आहे, तो मुकाट्याने मापाप्रमाणे शिवतो. मग तू तुझ्या दुकानात माझ्या मापाचं जे पान जपून ठेवलं आहेस ते फाड आणि पार्सलात घालून परत पाठव. म्हणजे आपण दोघी मोकळ्या.

मी


२० फेब्रुवारी

श्रीमती गिऱ्हाईक यांस,

आपल्या सूचनेप्रमाणे कोट एक व स्कर्ट दोन तयार करून पाठवत आहे. कोट दोन्ही बाजूंनी व पाठीत दिलेल्या मापाइतका आत घेतला आहे. आतील माया कापून काढली आहे. इस्त्री वाफेची केली असल्याने कुठेही फुगवटा दिसणार नाही. कापलेल्या पट्ट्या आपल्या खात्रीसाठी सोबत जोडल्या आहेत.

एकदा कापलेलं कापड परत जोडता येत नाही, याची नोंद घ्यावी. तक्रार चालणार नाही.

मापाचं पान फाडलेलं नाही. वही माझी आहे.

दुकानातून,
शिवणकाम करणारी


२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

सव्वीस मार्चला सकाळी सात वाजता मी दुकानाचं दार उघडून नेहमीसारखा रेडिओ लावला. तू म्हणालीस, 'या योजनेचा लाभ' आणि थांबलीस. मला वाटलं तू पान उलटतेस. मी हातात खडू धरून उभी राहिले. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग सतार की काय ते लावलं त्यांनी, आणि मग एका पोरीचा आवाज आला, तीच बातमी पहिल्यापासून, धापा टाकत. त्या योजनेचा लाभ कुणाला मिळाला ते मला अजून कळलेलं नाही.

आठवडाभर तीच पोरगी बातम्या वाचते आहे. चुका करते. मी रोज ऐकते आणि तिच्यावर ओरडते. मावशी म्हणतात, अहो, ती बिचारी काय करेल.

ताईंनी फोनवर सगळं सांगितलं. रक्तातले क्षार घसरले होते, ठोके चुकत होते, आणखी दोन दिवस गेले असते तर असं म्हणून त्या कार्यक्रमाकडे वळल्या. वीसच्या कार्यक्रमाला तू अप्रतिम दिसत होतीस आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हेही त्यांनी सांगितलं. कोट फार छान बसला होता म्हणे. मी फोन ठेवला आणि शिवायला घेतलेला सदरा उभा फाडला. परक्याचा होता. नवीन शिवून द्यावा लागेल.

मी लगेच निघणार होते, तर ताई म्हणाल्या, येऊ नकोस. भेटायला कोण आलेलं चालेल याची यादी दवाखान्यात तुझ्याकडून लिहून घेतली आणि तू त्यात केंद्रावरचा शिपाईसुद्धा लिहिलास, मला नाही. उलट खाली वेगळी ओळ लिहिलीस की ही बाई नको. ही बाई. एकवीस वर्षांनी मी ही बाई झाले.

मी कोट शिवून दिला म्हणून? मग मलाही तोच राग आहे, आपण दोघी मिळून माझ्यावर चिडू. पण मला समोर येऊ दे. एक गोष्ट आहे जी मला तोंडाने सांगायची आहे, कागदावर नाही. ढब्बू, माझी ढब्बू, हट्ट सोड. तू पुन्हा माझी गोल गोल ढब्बू झालीस की बघ, मी दुकानाबाहेर पाटी लावेन.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

तुझी
टाचणी


१९ एप्रिल

टाचणी,

शिव्या मागितल्यास, घे.

इथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, ज्याच्यावर राग आहे त्याला पत्र लिहा, पाठवायची गरज नाही. मी म्हणाले, मी पाठवणार. त्या म्हणाल्या, मग सावकाश लिहा. तीन दिवस लिहिते आहे.

तुझं कुठलंही पत्र आलं की मी काय करते माहीत आहे? पाकीट फोडते, कागदाचा वरचा भाग मागे दुमडते, आणि दुसऱ्या ओळीपासून वाचायला लागते. एकवीस वर्षं. माझ्याकडे तुझी सगळी पत्रं आहेत आणि सगळ्यांना वर एकाच जागी घडी पडली आहे. ताईला वाटायचं मी ती कशात तरी अडकवून ठेवते.

ढब्बू. हे नाव तू मला दिलंस. त्या रविवारी तुला परीक्षेसाठी एक अंग हवं होतं आणि मी उभी राहिले, कारण तू माझी एकुलती एक मैत्रीण होतीस. तू टेप लावलीस, आकडा मोठ्याने सांगितलास, कोपऱ्यातल्या मुलीने तो वहीत लिहिला, आणि मग तू टेपेचं टोक वर धरून म्हणालीस, 'टेप पुरेना बायांनो, ढब्बूला दुसरी जोडा.' टेप पुरत होती. मी खाली बघितलं होतं, तुझ्या बोटाखाली भरपूर टेप उरली होती. तुला हशा हवा होता. मिळाला. त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक रविवारी.

सगळ्यांत मोठ्याने मी हसायची, असं तू लिहिलं आहेस. हो. न हसून काय करणार होते? एकदा हसणं थांबवून बघितलं होतं, तर तू म्हणालीस, रुसली बघा ढब्बू, आणि पुन्हा सगळ्या हसल्या. तेव्हापासून सगळ्यांच्या आधी हसायला शिकले. माझा आवाज हलत नाही म्हणतेस ना? तो मी कुठे कमावला, ते तुला आता कळलं असेल. रेडिओवाल्यांनी नाही शिकवला.

आणि पत्राखाली मी 'मी' का लिहिते? तू ठेवलेलं नाव मला लिहायचं नव्हतं आणि माझं खरं नाव तू विसरली असशील अशी भीती वाटायची. म्हणून 'मी'.

यावर आता रडत बसू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा आजार आहे, आणि कुठल्याही एका शब्दाने, एका माणसाने होत नाही. म्हणजे सगळं श्रेय तू घेऊ नकोस. त्यात माझे हट्ट आहेत, घरचं बरंच काही आहे, केंद्रावरच्या त्या बायका आहेत ज्या वर्षभर मला जिन्यात अडवून विचारत होत्या की काय करतेस गं, आम्हालाही सांग. जेवढी मी आजारी होत गेले तेवढं माझं कौतुक झालं. त्यांच्यावरही राग आहे. त्या फुलं घेऊन येतात. फुलांवर माझा राग नाही, पण मी ती नर्सच्या टेबलावर ठेवते.

राग सगळ्यांवर आहे, मग यादीत तुलाच का नको म्हटलं? ते सांगते. कारण सगळ्या जगात तू एकटीने ओळखलं होतंस. भेटून नाही, कपड्यांवरून. तुला दिसलं, तू ओरडलीस, तू सुया मोडल्यास. मी तुला वाटेल ते बोलत होते आणि आतून वाट बघत होते की ही नमणार नाही. जगात कुणीही नमेल, ही टाचणी नमणार नाही. आणि मग ते पार्सल आलं. श्रीमती गिऱ्हाईक. माया कापली आहे. सोबत पट्ट्या.

मी मागितलं होतं, मान्य. हट्टाने मागितलं होतं. पण मी मागितलं म्हणून तू द्यायचं नव्हतंस. त्या पट्ट्या मी बेसिनपाशी हातात घेऊन उभी होते आणि मला एवढंच कळलं की आता ही बया मी परत पूर्वीसारखी होईन याची वाट बघत नाही. तिने पुढचं कापून टाकलं.

तो कोट इथे कपाटात लटकतो आहे. आल्या दिवशी हाच अंगात होता. समुपदेशक बाई म्हणतात, तो टाकून द्या, घरी नेऊ नका. टाकणार आहे. आधी तुला सांगावंसं वाटलं.

मी


२६ एप्रिल



वर जागा सोडली आहे. काय लिहावं ते मला कळेना. तुझं खरं नाव मी विसरलेले नाही, मापाच्या वहीत तेच आहे, पण ते आज माझ्या हाताने लिहायची मला लाज वाटली. तू सांगशील ते लिहीन.

टेप पुरत होती. मला आठवतं. आठवत नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होते, पण तू लिहिलंस आणि बोटाखालची ती उरलेली टेप मला लख्ख दिसली. मी किडकिडीत होते, घरच्यांनी मला टाचणी म्हणून म्हणून जेरीस आणलं होतं, आणि होस्टेलमध्ये पहिल्यांदा हसायला दुसरं कुणीतरी मिळालं. ते तू होतीस. हे कारण आहे, सबब नाही. तुझी माफी मी पत्रात मागणार नाही, कारण पत्रात माफी मागणं मला फार सोपं जाईल.

ज्या नावाला मी लाड म्हणत होते ते तुला काट्यासारखं टोचत होतं, आणि तू ते एकवीस वर्षं दुमडून ठेवलंस. मला सांगायचं तरी होतंस. नाही, हेही चुकलं. मला दिसायला हवं होतं. मी मापं घेऊन पोट भरते.

आता कोट. टाकू नकोस. टाकायचाच असेल तर टाक, पण आधी एक कर. डाव्या बाजूची शिवण, खिशाच्या खाली, आतलं अस्तर चार बोटं उसव. मग टाक.

हे मला तोंडाने सांगायचं होतं. तू येऊ देत नाहीस, म्हणून लिहिलं.

टाचणी


५ मे

टाचणी,

इथे कात्री देत नाहीत. सुईसुद्धा नाही. ताईने केसातली पिन काढली आणि दाताने दोरा तोडला. तिच्या दातांवर बरंच काम झालेलं आहे, तिचे दातांचे डॉक्टर ओरडले असते.

अस्तर उघडलं आणि ताई म्हणाली, अगं, यात तर केवढं कापड आहे. सगळी माया होती. एक सूत कापलेली नव्हती. पट्टीवर पट्टी दुमडून, वाफेने सपाट करून, लाल दोऱ्याने मोठ्या मोठ्या टाक्यांनी धावदोरा घातला होतास. निळ्या कोटाला लाल दोरा. म्हणजे उसवणाऱ्याला लगेच सापडावा. मी उजवी बाजू उसवायला लावली. पाठ उसवायला लावली. सगळीकडे तेच. ताई हसत होती, मी तिच्यावर ओरडले आणि मग मला हुंदका आला. बऱ्याच दिवसांनी असा आला की तो मला आवरता येईना.

खोटारडी आहेस तू. त्या पट्ट्या कुठल्या होत्या? तुझ्या चिंध्यांच्या पेटीतल्या ना, कोट शिवून उरलेल्या? पुरावा म्हणून चक्क चिंध्या पाठवल्यास, आणि मी रोज बातम्या तपासून वाचणारी बाई, मी त्यावर विश्वास ठेवला.

माझा राग गेलेला नाही. हे नीट वाच. तू कोट आत घेतलास ते घेतलासच, आणि मी तो घालून स्टेजवर उभी राहिले. आणि ते नाव दिलंस ते दिलंस. लाल दोऱ्याने ते उसवत नाही. बरी व्हायला बराच वेळ लागणार आहे, मधेच पुन्हा घसरू शकते असंही सांगितलं आहे, आणि मी त्यातला अर्धा वेळ तुझ्यावर चिडण्यात घालवणार आहे. तुला ते सोसावं लागेल.

यादीत तुझं नाव घातलं आहे. 'ही बाई नको' वर काट मारली आहे. अटी सांगते. टेप आणायची नाही, दुकानात ठेवून यायची. मला बघून 'बरी दिसतेस' म्हणायचं नाही, 'वाईट दिसतेस' म्हणायचं नाही, दिसण्यावर काहीच बोलायचं नाही. तुझ्या मावशींच्या भांडणांबद्दल बोल, त्या नव्या पोरीच्या चुकांबद्दल बोल.

शनिवारी चार वाजता आम्हाला खायला बसवतात. लांब टेबल आहे, खुर्च्या खिळवलेल्या आहेत. ती वेळ सगळ्यांत वाईट असते. तू तेव्हा ये. समोर बसायचं नाही. समोर ताई बसून झाली आहे. शेजारी बस, तुझं ताट घे आणि तुझं तू खा. माझ्याकडे बघू नकोस. मी थांबले तरी बघू नकोस. तू फक्त खात राहा, म्हणजे मला बाजूने चमच्याचा आवाज येत राहील.

वर काय लिहायचं विचारलं होतंस. मी खूप विचार केला. माझं खरं नाव तुझ्या तोंडी मला अजून सवयीचं नाही. तोवर नुसतं 'अगं' म्हण. तेवढं चालेल.

मी


९ मे

अगं,

शनिवारी येते. टेप दुकानात, मावशींच्या ताब्यात. मी खाते फार सावकाश आणि आवाज करत, मावशी त्यावरूनच रोज भांडतात, तेव्हा तू कंटाळशील.

कोट टाकू नकोस. उसवलेला तसाच राहू दे, तू सांगशील तेव्हा शिवेन.

टाचणी